बकुळाआजीचा ऐवज आणि गाडीतली ठक्ठक

ऋतिकाचं म्हणणं सरळ होतं. शोरूमवाल्यांना माणसाची भाषा कळत नाही, आवाजाची कळते. आणि आवाज तिच्याकडं दोन होते. एक तिचा स्वतःचा. ती बेलवलीत ओरडली की रुळांपलीकडं ईस्टची कुत्री उठून बसायची. दुसरा गाडीचा.

“आज तो आवाज घालवूनच येते,” सकाळी चहाचा कप आपटत ती म्हणाली. “बघाच तुम्ही! तो सम्यक रडला पाहिजे!”

सम्यक म्हणजे अंबरनाथच्या शोरूमचा सर्व्हिस ॲडव्हायझर. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड आणि तोंडात कायम एकच वाक्य, “मॅडम, टेस्ट ड्राइव्ह घेतली, आवाज नाही.”

आता गाडीचं सांगायचं तर ती पांढरी, लांबडी, डिकीवाली. सोसायटीत सगळ्यांनी उंच उंच गाड्या घेतल्या, पण ऋतिकाचे पप्पा, धर्मराज, एमआयडीसीत सुपरवायझर. त्यांचं मत पक्कं होतं. “डिकी नाही ती गाडी कसली? ती मोठी रिक्षा!” घेतली तेव्हा गाडी कशी गपगार होती. गेल्या दिवाळीत जांभूळ गावातलं घर सोडून सगळे बेलवलीच्या फ्लॅटवर आले आणि तेव्हापासून स्पीडब्रेकर आला की मागून आवाज. गडगडगड... ठक्! जणू मागच्या सीटखाली कोणीतरी कॅरम खेळतंय.

तीनदा गाडी शोरूमला गेली. तीनदा सम्यक हसत म्हणाला, आवाज नाही. आणि घरी येऊन परत सगळे बसले की, गडगडगड... ठक्!

वॉरंटी याच आठवड्यात संपत होती. पण ऋतिकाला वॉरंटीचं काही पडलं नव्हतं. तिला चावी पाहिजे होती! बारावीच्या वर्गातून ती सरांशी भांडून जी उठली ती परत बसलीच नाही. पुढं कॉम्प्युटरचा क्लास लावला, तो सोडला. मेंदीचा लावला, त्यात बाईंच्याच हातावर मेंदी फेकली. मग अठरा पूर्ण झाली, लर्निंग लायसन काढलं, पण पप्पा काही तिला स्टिअरिंगला हात लावू देईनात.

“एक काम शेवटापर्यंत करून दाखव,” पप्पा म्हणाले होते. “गाडीचा आवाज घालव. त्या मिनिटाला चावी तुझ्या हातात. धर्मराजचा शब्द!”

“डन!” ऋतिका म्हणाली. “फिर बाद में पलटी नको मारू, पप्पा.”

डोकं तिचं चालायचंच. डोळा तर घारीचा. कोणाच्या मुलानं कोणाच्या गॅलरीत काय टाकलं, हे तिला तिसऱ्या मजल्यावरून दिसायचं. तिनं आवाजाची केस सोडवून टाकली. आवाज कधी येतो? आपण सगळे बसलो की. सम्यक एकटा चालवतो तेव्हा येत नाही. म्हणजे काय? वजन! गाडीवर वजन पडलं की आतलं काहीतरी सुटतं. मग उपाय काय? अख्खी फॅमिली घेऊन शोरूमला जायचं!

“मी कशाला?” मम्मी म्हणाली. काशी तिचं नाव. हातात कुकरची शिट्टी. “माझा काय स्पेअरपार्ट आहे का तिथं?”

“मम्मी, तू वजन आहेस.”

“काय म्हणालीस?”

“म्हणजे तुझ्या शब्दाला वजन आहे! चल ना!”

बकुळाआजीला मात्र काही समजवावं लागलं नाही. ती सगळ्यात आधी पातळ बदलून तयार. “तिथं मशिनीतली कॉफी देतात म्हनं. मी येतंय.”

नेहमी सर्व्हिसिंगला गाडी द्यायची म्हणजे पप्पांचा एक कार्यक्रम असायचा. आदल्या रात्री गाडी रिकामी! छत्री काढा, गॉगल काढा, पायपुसणी काढा, डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा कागदात गुंडाळून घरी. “आपल्या घरातलं मोलाचं जे असेल ते ज्यानं त्यानं काढून घ्या,” असा हुकूम निघायचा आणि सगळे पिशव्या घेऊन खाली जायचे, जणू बिल्डिंगला नोटीस आलीय. आज मात्र गाडी सोडून यायचंच नव्हतं. सगळे गाडीतच बसणार होते. त्यामुळं छत्री होती तिथं राहिली, गणपती होता तिथं राहिला.

शोरूमच्या दारात गाडी थांबली. सम्यक हसत बाहेर आला आणि आतली गर्दी बघून त्याचं हसू अर्ध्यावर अडकलं.

“मॅडम, एवढे सगळे? डिलिव्हरी आहे का नवीन?”

“आवाज दाखवायला आणलेत,” ऋतिका म्हणाली. “बस ड्रायव्हिंगला! आज सुट्टी नाही तुला.”

बिचारा बसला. शेजारी पप्पा, मागं मम्मी, आजी आणि मधे ऋतिका, कान टवकारून. पहिला स्पीडब्रेकर आला.

गडगडगड... ठक्!

“आला! आला! आला!” ऋतिका अशी ओरडली की सम्यकनं घाबरून ब्रेक मारला आणि मागच्या टेम्पोवाल्यानं त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

“ऐकलंस ना? आता बोल! बोल ना!”

“आहे मॅडम,” सम्यक कबूल झाला. कपाळावर घाम. “आवाज आहे.”

पप्पांनी मागं वळून पोरीकडं बघितलं. बारावी सोडल्यापासून त्यांनी तिच्याकडं असं बघितलं नव्हतं. ऋतिकाची छाती एवढी फुगली की मम्मी दाराला चिकटली.

गाडी वर्कशॉपमध्ये रॅम्पवर चढली. मेकॅनिकांनी खालून ठोकून बघितलं, चाकं हलवून बघितली, शॉकअप तपासले. सगळं ठणठणीत.

“डिकीतून येतोय वाटतं,” सम्यक म्हणाला. “स्टेपनी बघू का एकदा?”

ऋतिका उसळली. “ओ! टाइमपास नको हां! मागच्या वेळी तूच उघडून दाखवलीस ना स्टेपनी? काय होतं आत? काही नाही! माझ्या ह्या डोळ्यांनी बघितलंय. परत परत तीच जागा बघायची आणि संध्याकाळी घरी पाठवायचं, तुमचा प्लॅन कळतो मला!”

“नाही मॅडम, पण...”

“सीटच्या आतून येतोय. मी वर बसले होते की तू? सीट काढ!”

“सीट काढली तर आतली पॅनेलं पण काढावी लागतील. त्यांच्या क्लिपा प्लॅस्टिकच्या असतात, काढताना तुटतात. नव्या कंपनीतून येतात, वेळ लागतो. तुम्ही सांगताय म्हणून काढतो हां.”

“तुटू दे! वॉरंटीत आहे!”

तेवढ्यात तिला एक पाठिंबा मिळाला. उल्हासनगरचे हिरोमल अंकल. कपड्यांचं दुकान, गाडी एसीसाठी आलेली, आणि सकाळपासून सोफ्यावर बसून बसून वैतागलेले.

“बराबर बोलती है बेटी!” ते उठून उभे राहिले. “ये लोग ना, ऊपर ऊपर से देखते हैं. पूरा खुलवा! मैं तेरे साथ है!”

“बघा! पब्लिक पण बोलतेय!”

मग काय! रॅम्प खाली आला. सीट निघाली. पट्टे निघाले. पॅनेलं कटकट आवाज करत निघाली, क्लिपा चिंचोक्यांसारख्या उडाल्या. ऋतिका कमरेवर हात ठेवून उभी. “तिकडचं पण काढ! ते काळं काय आहे? काढ ते!” हिरोमल अंकल मागून, “हां हां, वो भी!” बघता बघता मागचा बंपरसुद्धा जमिनीवर आला. गाडी अशी दिसायला लागली जशी आखाडात सोललेली कोंबडी. पप्पा एका कोपऱ्यात उभे राहून एकेका पार्टाकडं बघत होते. चेहरा असा की स्वतःचंच ऑपरेशन काचेतून दिसतंय.

“ऋतू, बास का आता?” ते हळूच म्हणाले.

“पप्पा, शेवटापर्यंत म्हणालात ना? हा शेवट आहे!”

तिनं मोबाइल काढला आणि बेलवलीच्या सोसायटी ग्रुपवर व्हिडिओ कॉल लावला. “बघा, बघा सगळ्यांनी! मोठमोठ्या शोरूमची पोल खोल! दोन मिनिटात डिफेक्ट सापडणार!” स्क्रीनवर एकेक चौकोन उघडायला लागला. तळमजल्याच्या काकू कणीक मळता मळता हजर.

आत काहीच नव्हतं. नुसता पत्रा. स्वच्छ, कोरा, चकचकीत पत्रा.

सम्यकनं दोन्ही हातांनी ती उघडी गाडी मागून जोरात हलवली.

गडगडगड... ठक्!

सगळ्यांच्या माना स्टेपनीच्या झाकणाकडं वळल्या. सम्यक झाकणाला हात घालणार तेवढ्यात काचेच्या दाराआडून आरोळी आली.

“ए पोरा! तेलकट हातानं नको उचलू त्याला!”

बकुळाआजी! एका हातात कॉफीचा कागदी कप, दुसऱ्या हातानं पातळ सावरत ती रॅम्पपर्यंत आली.

“कोणाला, आजी?” सम्यकनं विचारलं.

आजीनं कप त्याच्याच हातात दिला, झाकण उचललं, स्टेपनीच्या खोलगट रिंगमध्ये हात घातला आणि नातवाला उचलावं तसं काहीतरी उचलून पोटाशी धरलं. वरचं फडकं सुटलं.

वरवंटा! काळाकुळकुळीत, हातभर लांब, तेल प्यायलेला वरवंटा!

मोबाइलमधून तळमजल्याच्या काकूंचा आवाज आला, “अगंबाई, हाच का तो डिफेक्ट?”

ऋतिकानं कॉल कट केला. बोट चुकलं, कॅमेरा पलटला आणि बेलवलीला तिचा उघडा जबडा जवळून दिसला. मग एकदाचा कट झाला.

“आई,” पप्पा कोपऱ्यातून पुढं आले. “हा इथं कसा?”

“कसा म्हंजे? मी ठेवला! फ्लॅटवर आलो तवा हिनं पाटा वॉचमनला दिला. कपडे आपटायला!” आजीनं मम्मीकडं बोट केलं. “म्हनली, मिक्सर हाय, दगड कशाला? मंग वरवंटा मी ठेवू कुठं? पलंगाखाली ही रोज झाडू मारते. गाडीत कोन बघतं?”

“अहो आई, वरवंटा मी टाकला असता का?” मम्मीचे गाल लाल. “बारशाचा वरवंटा तो!”

“तुझा भरवसा काय! ही पोरगी,” आता बोट ऋतिकाकडं वळलं, “हिच्या बारशाला हिच्याआधी ह्याला टोपडं घालून पाळन्यात निजवला व्हता. गप पडून व्हता बिचारा. ही मातर तवाच किंचाळली, ती अजून चालूच!”

मेकॅनिकांनी तोंडं फिरवली. खांदे मात्र हलताना दिसत होते.

“पण मागच्या वेळी मी बघितलं होतं!” ऋतिका शेवटची लढाई लढली. “स्टेपनीत काही नव्हतं!”

“कसं असंल? सर्व्हिसिंगला देताना तुझा बापच सांगतो ना, ज्यानं त्यानं आपापलं मोलाचं काढून घ्या. मी माझं काढून घेतलं. गाडी आली का परत ठेवलं. आज आपुन सगली गाडीतच व्हतो, मंग कशाला काढू?”

सम्यकनं हातातली आजीची कॉफी एका घोटात पिऊन टाकली. आपण काय पितोय हे त्याला कळत होतं असं वाटलं नाही.

“आजी,” ऋतिका रडकुंडीला आली, “दिवाळीपासून आम्ही डोकं फोडतोय. तुला आवाज ऐकू येत नव्हता?”

“येत व्हता की! ठक् झालं का जिवाला बरं वाटायचं. म्हनायचं, हाय बाबा जागेवर!”

“मग सांगितलं का नाहीस?”

“मना कोनी इचारलं? तुम्ही सगली शोरूमवाल्याला इचारत व्हता!”

हिरोमल अंकलनी पुढं येऊन वरवंट्यावर बोटाची टिचकी मारली, कान लावला. “माताजी, माल एक नंबर है. आजकल ऐसा मिलता नहीं. देना है क्या?” आजीनं वरवंटा दुसऱ्या काखेत घेतला आणि असं बघितलं की अंकल थेट सोफ्यावर जाऊन बसले आणि मनापासून पेपर वाचायला लागले. उलटा.

सम्यकनं घसा साफ केला. हसला नाही, हे त्याचे उपकार! “सर, गाडी परत बसवून देतो. पण क्लिपा कंपनीतून यायला वेळ लागेल. तोपर्यंत गाडी इथंच ठेवावी लागेल. आणि वॉरंटीचं म्हणाल तर...” त्यानं वरवंट्याकडं बघितलं. “हा पार्ट आमचा नाही.”

पप्पांनी खिशात हात घातला, गाडीची दुसरी चावी काढली आणि ऋतिकाच्या तळहातावर ठेवली.

“पप्पा?”

“आवाज गेला ना? शब्द म्हणजे शब्द. आजपासून चावी तुझी.”

ऋतिकानं चावीकडं बघितलं. मग गाडीकडं बघितलं. सीट एका भिंतीला, बंपर दुसऱ्या भिंतीला, मधे चार चाकांवर उभा रिकामा डबा. तरी तिनं मान ताठ केली. चावी ती चावी! एक काम तर शेवटापर्यंत केलं! बारावीवाल्या एकाही मैत्रिणीकडं आहे का अख्ख्या गाडीची चावी?

बाहेर येऊन त्यांनी बेलवलीसाठी स्पेशल रिक्षा केली. पप्पा ड्रायव्हरच्या बाजूला अर्धे आत, अर्धे हायवेवर. मागं तिघी, आणि आजीचे हात दुखायला लागले म्हणून वरवंटा ऋतिकाच्या मांडीवर. चावीची रिंग बोटात घालून ती गरागरा फिरवत होती, बाजूच्या बाइकवाल्यांना दिसेल अशी.

रिक्षा मात्र अशी वाजत होती की भांड्याचं दुकान जिन्यावरून उतरतंय. ऋतिकाला राहवेना. ती पुढं वाकली.

“दादा, मागच्या डाव्या चाकातून आवाज येतोय बघा तुमच्या. मी सांगते, तो...”

ड्रायव्हरनं आरशातून तिच्याकडं बघितलं, हातातल्या चावीकडं बघितलं, मांडीवरच्या वरवंट्याकडं बघितलं.

“ताई,” तो म्हणाला, “गाडी हाय ना तुमच्याकडं? मग त्यातून जायचं!”