न खेळता जिंकलेली फायनल

सरकारी भरतीचं वय संपायला दीड वर्ष उरलं तेव्हा अंतरवाली सराटीच्या कल्याणने गेलिक फुटबॉल शिकायला घेतला. हा आयर्लंडचा खेळ. चेंडू हातात घेऊन पळायचं, पण चार पावलं झाली की तो आपटायचा, नाहीतर पायाने उडवून परत झेलायचा. एका संघटनेने देशभरच्या क्लबांसाठी त्याची बाद फेरीची स्पर्धा सुरू केली होती आणि तिचं दुसरं वर्ष जालन्यात भरणार होतं. पहिल्या दोन संघांना खेळाडू कोट्याचं प्रमाणपत्र. कबड्डीतल्या गर्दीत कल्याणचा नंबर लागणं शक्य नव्हतं. इथे गर्दीच नव्हती.

जालन्याच्या क्लबाचे सचिव तातेराव यांनी पंधरा जण गोळा केले. चौदा जणांनी चेंडू फोटोपुरता हातात धरला. कल्याण मात्र चार महिने रोज सकाळी कपाशीशेजारच्या पडीक तुकड्यात पळाला. वडील भुजंगराव बांधावर बसून पावलं मोजत आणि पाचवं पडलं की खोकत.

पहिल्या सामन्याला समोरच्या संघाची जीप घनसावंगीजवळ बंद पडली. पंचांनी पंधरा मिनिटं घड्याळ पाहिलं आणि जालन्याला न खेळताच पुढे चाल दिली. उपांत्य फेरीतल्या संघाचे निम्मे खेळाडू त्याच दिवशी कुठल्याशा भरतीच्या परीक्षेला बसले होते. पुन्हा पुढे चाल. अंतिम फेरीतला संघ जेवणावरून भांडला आणि सकाळच्या गाडीने परत गेला. कल्याणने तिन्ही दिवस बूट बांधले आणि तसेच सोडले. निदान आपल्यातच दोन भाग करून खेळू, असं त्याने सुचवलं.

"येडा झालास काय?" तातेराव म्हणाले. "जिंकून राह्यलो आपण. फुकट पाय मोडून घेतो का?"

गावात सत्कार झाला. किती गोल केले, असं भुजंगरावांनी चारचौघांत विचारलं. कल्याणने दोन सांगितले. संध्याकाळपर्यंत गावात ते पाच झाले होते.

सात महिन्यांनी प्रमाणपत्राची पडताळणी झाली. क्रीडा कार्यालयातल्या साहेबांनी तिन्ही सामन्यांचे गुणतक्ते उलटेपालटे करून पाहिले. तिन्ही कोरे.

"सामनाच झाला न्हाई, तर हरवलं कुणाला?"

समोरचे आलेच नाहीत, असं कल्याणने सांगितलं.

"मंग आणायचे. बाकीचे लोक हरायला टीम सोबत घेऊन येतात," असं म्हणून त्यांनी फाईल परत केली.

तिसऱ्या वर्षीची स्पर्धा शेजारच्या जिल्ह्यात होती. तिथल्या क्लबाच्या साहेबरावांचा कल्याणला फोन आला. खर्च त्यांचा, जेवण बराबर, थेट फायनलला नाव. फक्त जिंकायचं नाही.

"खेळायला मिळंल ना पण?" कल्याणने विचारलं.

"पूर्ण साठ मिनिटं."

कल्याण तेच चौदा जण घेऊन गेला. पण हरणं सोपं नव्हतं. साहेबरावांचे खेळाडू चेंडू हाती आला की सरळ पळत सुटत आणि पाचव्या पावलाला पंच शिटी वाजवत. अर्धा वेळ झाला तरी शून्य-शून्य. साहेबराव रेषेवरून कल्याणकडे डोळे वटारून पाहत होते.

दुसऱ्या अर्ध्यात चेंडू कल्याणच्या हाती आला. चार पावलं, आपटला. चार पावलं, उडवला. तीन जण मागे पडले. समोर गोल मोकळा होता. तिथे त्याला ठरलेलं आठवलं. तो वळला, तसाच चार-चार पावलं करत सगळं मैदान उलटं पळाला आणि चेंडू आपल्याच जाळीत घातला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. स्पर्धेच्या तीन वर्षांत नियमाने झालेला तो पहिला गोल होता.

उपविजेत्याचं प्रमाणपत्र पडताळणीत एका दिवसात पास झालं. सामना झाला होता, गुणतक्ता भरलेला होता, सह्या होत्या. मग कार्यालयातल्या साहेबांनी जन्मतारीख पाहिली आणि चष्मा काढून ठेवला. भरतीचं वय दोन महिन्यांपूर्वीच उलटलं होतं.

बाहेर येतो तोच भुजंगरावांचा फोन आला.

"पास झालं का रं प्रमाणपत्र?"

"झालं, आबा."

"मंग गावात सांगू?"

कल्याणने प्रमाणपत्राची घडी घालून खिशात ठेवली.

"सांगा," तो म्हणाला.