सिस्टर आग्नेस, लालबागवाल्या

सिस्टर आग्नेस प्रार्थना त्यांच्या भाषेत करायच्या, इंग्रजी इंग्रजीत शिकवायच्या आणि रागवायच्या मात्र मालवणीत. आणि त्या कायम रागावलेल्याच असायच्या. त्यामुळे या उंच, निळ्या डोळ्यांच्या गोऱ्या बाईच्या तोंडून आम्ही मुलींनी दिवसभर मालवणीच ऐकली. "तोंड बंद कर आणि उत्तर दी!" ही त्यांची नेहमीची आज्ञा. ती पाळायची कशी, हे आमच्या शाळेत कुणालाच कधी कळलं नाही.

गिरण्या चालू होत्या तेव्हा त्या तरुणपणी मिशनच्या शाळेत शिकवायला लालबागला आल्या. गैरहजर मुलींच्या शोधात चाळी पालथ्या घालायच्या. नळावरच्या कोकणातल्या बायकांनी त्यांना जी भाषा शिकवली ती भांडणाची होती, आणि सिस्टरांना तीच सगळ्यात सोयीची वाटली. त्यांचा देश युरोपातला. नाव लिहीत नाही, कारण ते विचारलेलं त्यांना खपायचं नाही. "तुम्ही कुठल्या?" असं कुणी म्हटलं की, "लालबागची. तू खयचो?"

त्यांच्याच मुलखातले पाहुणे यायचे, वर्गात शिरून मुलींचे फोटो काढू लागायचे. सिस्टर दारात आडव्या उभ्या राहायच्या. "जनावरां बघूची तर राणीची बाग भायखळ्याक आसा! थंय जावा!" पाहुण्यांना वाटायचं, स्वागत चाललंय. ते हात जोडायचे.

मी नववीत असताना बाबांनी माझी शाळा बंद करायचं ठरवलं. गिरणी बंद पडली होती, बाबा घरी बसून होते, आणि घरात एकाच माणसाने बसावं हे त्यांना पटत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सिस्टर आमच्या गॅलरीत हजर. "पोरीक घरात ठेवन काय लोणचा घालतलस?"

शेजारचे सावंतकाका मध्ये पडले. "बाई, तुम्ही हिला बाटवायला आलात काय?"

"आधी नववी पास तरी होऊ दी तिका!" सिस्टर गरजल्या. अख्खा मजला हसला. सावंतकाकाही हसले. दुसऱ्या दिवशी मी वर्गात होते. आज त्याच शाळेत मी शिकवते.

मागच्या वर्षी त्यांच्या संस्थेच्या मुख्यालयातून पत्र आलं. वय झालेल्या सिस्टरांनी मायदेशी परतावं, तिथल्या वृद्धाश्रमात विश्रांती घ्यावी. चार ओळींचं पत्र. लिहिणारी व्यक्ती लालबागला कधी आली नसावी. 'मायदेशी' हा शब्द वाचून माझं डोकं जे तापलं ते अजून शांत झालेलं नाही. मी चार पानी उत्तर पाठवलं. मुख्यालयाने माझे आभार मानले. नुसते आभार!

जायच्या आदल्या दिवशी त्यांच्या देशाच्या वकिलातीतून एक तरुण अधिकारी फुलांचा गुच्छ घेऊन शाळेत आला. चेहरा भला. इंग्रजीत म्हणाला, "इतक्या वर्षांच्या सेवेनंतर अखेर तुम्ही घरी निघालात. अभिनंदन."

सिस्टरांना त्याची भाषा येत होती, इंग्रजी तर येतच होतं. पण त्या कडाडल्या, "घराक? खयच्या घराक? माझा घर हयसर आसा!"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी इंग्रजीत म्हटलं, "सिस्टर आभार मानतायत."

"मी आभार मानलंय? कधी? खोटा सांगतस गो वैशाली? नीट सांग तेका! माका बांधून धाडतत. मी काय पार्सल आसंय?"

मग मी नीट सांगितलं. शब्दन् शब्द. थोडं माझ्या पदरचंही घातलं. त्या बिचाऱ्याचे कान लाल झाले. सावरत म्हणाला, "जागा खरंच सुंदर आहे. बाग आहे, तळं आहे, तळ्यात बदकं आहेत."

"बदकांक काय शिकवू मी? पाढे?"

गुच्छ माझ्या हातात देऊन तो गेला. त्याच्यावर चिडून काय उपयोग, हे मला कळत होतं. तरी मी चिडले. दुसरं कुणी समोर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना विमानतळावर सोडायला निघाले. टॅक्सीत बसताच त्या म्हणाल्या, "आधी शिवडी."

शिवडीच्या दफनभूमीत त्या भराभर चालत एका थडग्यापाशी थांबल्या. सिस्टर बेनिताचं थडगं. दोघी एकाच बोटीने आल्या होत्या, चाळीस वर्षं एका खोलीत राहिल्या होत्या. बेनिता सिस्टर वारल्या तेव्हा मी शाळेत शिकवत होते; तोवर या दोघींचं एकमेकींशी कधी पटलेलं मी पाहिलं नव्हतं. दाराबाहेरूनही भांडण ऐकू यायचं.

"काय गो," सिस्टर दगडावर ओरडल्या, "तू बरी झोपलंस! माका हाकलतत, आणि तू गप!"

कोपऱ्यात झाडणारा माणूस झाडू थांबवून बघत राहिला. सिस्टर बराच वेळ बोलत होत्या. हळूहळू मालवणी संपली आणि त्यांची स्वतःची भाषा सुरू झाली. मला त्यातलं काही कळलं नाही. मी चार पावलं मागे सरकले.

परत येताना त्यांनी माझा दंड धरला होता. पहिल्यांदाच. "बाजूची जागा माझी होती," त्या साध्या मराठीत म्हणाल्या. "आम्ही दोघींनी बघून ठेवली होती."



"तू येत जा इथे. फुलं नको आणू, तिला शिंका येत. नुसती बोल. तिला शांतता सोसत नाही."

गेल्या रविवारी मी शिवडीला गेले. ऊन होतं, आसपास कुणी नव्हतं. काय बोलावं ते आधी सुचेना. मग मी शाळेत काय काय बिनसलंय ते सांगायला लागले: इंग्रजीच्या तासाला अजून कुणी मिळालं नाही, दोन मुली महिनाभर गैरहजर आहेत, आणि त्यांच्या घरी जायला कुणाला वेळ नाही. मलाही नाही. सांगता सांगता माझा आवाज चढत गेला, आणि मी तो चढू दिला.