सेकंड शिफ्टची पानं

आमच्या वरच्या मजल्यावरचे भामरेकाका कादंबरी वाचायला बसताना पायात सेफ्टी शूज घालतात. काळे, जाड, पुढे लोखंडी पत्रा असलेले. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, कुठे निघालात? तर म्हणाले, "कुठे नाही ताई. सातवं प्रकरण चालू आहे, शॉप फ्लोअरवरचं. तिथे चपला चालत नाहीत."

काका मूळचे सटाण्याकडचे. नोकरी सगळी सातपूरच्या एका कारखान्यात, इन्स्पेक्शनला. रिटायर झाल्यावर नाशकातले लोक गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, फिरायला जातात, भजनाला लागतात. काका कादंबऱ्यांना लागले. त्यातही एकाच जातीच्या. युद्धकाळातल्या, पण लढाई नसलेल्या. लढाई कुठेतरी लांब चाललेली असावी आणि इकडे साध्या बायाबापड्यांनी कारखान्यात तोफगोळे, पॅराशूट नाहीतर सैनिकांचे बूट बनवावेत, एवढीच त्यांची अपेक्षा. नायक मध्येच आघाडीवर गेला की काका तेवढी पानं सरळ उलटतात. "तो ट्रान्सफर झाला. आपल्या खात्याचा राहिला नाही."

मी सकाळी कॉलनीच्या वाचनालयात काम करते, त्यामुळे असली भाषांतरं हुडकून आणायचं काम माझ्याकडे. पुस्तक परत येतं ते लाल पेन्सिलीच्या शेऱ्यांसकट. एका नायिकेचे मोकळे केस लेथवर काम करताना वाऱ्यावर भुरभुरत होते, तिथे समासात लिहिलेलं, "केस बांधा." एका प्रेमप्रसंगाशेजारी, "प्रॉडक्शन टाइममध्ये नको." आणि एका लेखकाने एका पाळीत इतके तोफगोळे तयार करून दाखवले होते की काका पुस्तक घेऊन तडक खाली आले. चिडले की ते आपोआप अहिराणीत शिरतात. "हाई काय शे? एवढे नग निघाले, आणि इन्स्पेक्शन कोणी केलं?" लेखकाला पत्र पाठवायचं होतं त्यांना. लेखक वारून बरीच वर्षं झाल्याचं मी सांगितलं, तेव्हा कुठे शांत झाले.

पुस्तकात साखरेचं रेशनिंग लागलं की वर गुळाचा चहा सुरू. एकदा शहरावर विमानं घिरट्या घालायला लागली, तर काकांनी भर दुपारी सगळ्या खिडक्यांना खाकी कागद लावला. सोसायटीचे सेक्रेटरी घाबरून विचारायला गेले, घर विकताय का? काका म्हणाले, "हल्ला चालू आहे. संपला की काढतो." सेक्रेटरी माझ्याकडे येऊन बसले आणि पाणी मागितलं.

या सगळ्यात कुसुमकाकू त्यांना सामील होत्या, हे मला उशिरा कळलं. काकांची फर्स्ट शिफ्ट, सकाळी सात ते तीन. मोबाइलवर कारखान्याच्या भोंग्याचा अलार्म लावलेला. तीनला भोंगा झाला की काका पुस्तक मिटून काकूंच्या हातात देत आणि तिथून पुढे काकू वाचत. मागची पानं काकूंनी वाचायची नाहीत, काकूंची पानं काकांनी वाचायची नाहीत. कोणाच्या पाळीत काय झालं ते एका वहीत लिहायचं आणि तोंडी चार्ज द्यायचा. अशा दोघांनी मिळून पन्नासेक कादंबऱ्या संपवल्या आणि त्यातली एकही दोघांपैकी कोणी पूर्ण वाचली नाही. मी म्हटलं, काकू, याला काय वाचन म्हणायचं? तर म्हणाल्या, "अगं, राहिलेलं ते सांगतात ना. पुस्तकापेक्षा बरं सांगतात."

माझ्या घरी छतातून बुटांचा आवाज येतो. तीनचा भोंगा, मग काकांचे बूट बाल्कनीतल्या खुर्चीपासून स्वयंपाकघरापर्यंत धप धप. आमच्या घरातलं दुपारचं दूध त्या आवाजावर गॅसवर चढायचं.

गेल्या वर्षी श्रावणात काकू गेल्या. त्यानंतर भोंगा वाजतो, बूट वाजत नाहीत. काका थकले असतील असं मी समजत होते.

परवा वाचनालयाची वार्षिक मोजदाद निघाली. काकांकडचं एक पुस्तक वर्ष उलटून गेलं तरी आलेलं नव्हतं. सैनिकांचे बूट शिवणाऱ्या एका बाईची गोष्ट. तिचा नवरा आघाडीवर आहे आणि त्याचं पत्र येत नाही. अध्यक्ष म्हणाले, या आठवड्यात आणा. मी तीनच्या सुमाराला वर गेले.

भोंगा होऊन गेला होता. काका बूट घालून, पुस्तक मांडीवर मिटून बसले होते. मी आल्याचं कारण सांगितलं. त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी धरलं.

"नेऊ नका ताई. काम अर्धवट आहे."

वर्षभर काय करताय मग, असं मी जरा तोऱ्यातच विचारलं. ते म्हणाले, रीवर्क. रोज सातला बसायचं, पहिल्या पानापासून आपली पानं परत तपासायची, दोनशे चौदापर्यंत. पुढची पानं काकूंची.

"पुढची वाचून टाका ना आता," मी म्हटलं.

"दुसऱ्याच्या पाळीचं काम आपण कसं करायचं?" मग बुटांकडे बघत म्हणाले, "आणि पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडता येत नाही."

मला एकदम रडू आलं. म्हणजे हा माणूस वर्षभर रोज तीन वाजता कोणी येईल म्हणून इथे बसून राहत होता आणि मी खाली दूध तापवत होते.

वही टीपॉयवर होती. काकूंची शेवटची नोंद मी वाचली. "पान १८० ते १९६. पत्र आलं नाही. ती रडली. मीपण. पुढे तुम्ही बघा." खाली काकांची नोंद. "पान १९७ ते २१४. पोस्टमन गल्लीत शिरला आहे." त्याखाली चार्ज घेणाऱ्याच्या सहीची जागा कोरी.

मी डोळे पुसले आणि पेन उचललं. सही केली, वेळ टाकली, तीन वाजून वीस मिनिटं.

काकांनी सही नीट तपासली. मग माझ्या पायांकडे पाहिलं. मी स्लिपर घालून आले होते. ते आत गेले आणि लहान मापाचे सेफ्टी शूज घेऊन आले, पॉलिश केलेले. मला एक नंबर मोठे होत होते, पण मी नाड्या घट्ट बांधल्या.

"सिंगल पीस आहे, सांभाळून," म्हणत त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. "पत्र आलं तर लगेच सांगू नका. उद्या सातला चार्ज देताना सांगा."

मी मान डोलावली. काकांनी खाली बसून आपल्या बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट भिंतीशी ओळीत लावले, "निघतो मी," म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले.

मी दोनशे पंधरावं पान उघडलं. ते संपायच्या आत आतून घोरण्याचा आवाज यायला लागला.