चेअरमनसाहेबांच्या नाकावरचा थेंब

साफ करायची जागा: नाक. तेवढंच.

इमारतीच्या मॉडेलमध्ये फाटकाशी चेअरमनसाहेब उभे होते. पेरभर उंची, निळा कोट, झुबकेदार मिशी. आपल्याला तिथे उभं करा, ही मागणी त्यांचीच. कौलं रंगवताना उडालेला लाल थेंब नेमका त्यांच्या नाकावर जाऊन बसला होता.

"राहू दे की दाजी," मॉडेलवाल्याचा मेहुणा म्हणाला. "लांबूनही ओळख पटेल."

साहेबांच्या पिण्यावर साहेब सोडून सगळे बोलत. मॉडेलवाल्याने कापसाचं इअरबड रंग काढायच्या थिनरमध्ये बुडवलं. हे काम हातचं गेलं तर वर्कशॉपला कुलूप लावून सासऱ्याच्या दुकानात खिळे विकायला बसावं लागणार होतं, आणि सासरा त्या दिवसाची आतुरतेने वाट बघत होता.

नाक स्वच्छ झालं. मिशीसकट.

साफ करायची जागा: हनुवटी. कारण नवी मिशी रंगवताना मेहुणा शिंकला आणि मिशीची दाढी झाली.

"आत्ताच शिंकायचं होतं?"

"थिनर माझ्या नाकाखाली ठेवलंय तुम्ही."

साफ करायची जागा: हनुवटी, गळा, कॉलर आणि पुढे. थिनरला कुठे थांबावं ते कळत नाही. ओघळ कोटावर उतरला आणि साहेब अर्धे निळे, अर्धे पांढुरके झाले. मॉडेलवाला निळा रंग शोधायला वळला, तेवढ्यात मेहुण्याने डोकं चालवलं आणि साहेबांना थिनरच्या वाटीत बुचकळून काढलं.

"एकसारखं व्हावं म्हणून," तो म्हणाला.

झालं एकसारखं. कोट काय, पँट काय, सगळा नुसता रंगच होता, हे तेव्हा दोघांच्या लक्षात आलं.

साफ करायची जागा: शिल्लक नाही.

बाहेर गाडीचं दार वाजलं.

"लपव त्यांना."

"आल्या आल्या स्वतःलाच शोधतील ते. दाजी, उघडा माणूस कुठे शोभतो?"

दोघांची नजर एकदमच पोहण्याच्या तलावावर गेली. पायाला गोंद लावून साहेबांना तळाशी उभं केलं, कमरेपर्यंत निळं जेल ओतलं आणि नाकाखाली मिशीचा फटकारा ओढला.

चेअरमन आले. मागून त्यांच्या पत्नी.

"मी पाण्यात?"

"तब्येत झाकायची कशाला, साहेब?" मेहुणा म्हणाला.

साहेबांनी वाकून स्वतःची छाती न्याहाळली. मग पोट आत ओढून खरी छातीही थोडी पुढे काढली. "छान. असाच राहू दे मला."

मॉडेलवाल्याने श्वास सोडला.

"फक्त तलाव काढा. रद्द केलाय तो. तिथे आता महिलांसाठी कट्टा होतोय."

"उद्या काढतो, साहेब."

"उद्या कशाला? मॉडेल आत्ताच न्यायचंय. काढा माझ्यासमोर. मला मात्र धक्का लागता कामा नये."

मॉडेलवाल्याने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा छताकडे बघत होता. जेल अजून ओलसर होतं. चिमट्याने कड उचलताच ते दुधावरच्या सायीसारखं अलगद निघून आलं. चेअरमनसाहेब नियोजित महिला कट्ट्याच्या मधोमध, जन्माला आले तसे, मिशीनिशी उभे राहिले. बाहुल्यांच्या कारखान्याने कमरेखाली काहीच तपशील दिला नव्हता. सगळं गुळगुळीत.

साहेबांचं नाक लाल होत गेलं.

बाईंनी पर्समधून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि खाली वाकून बराच वेळ बघितलं.

"छाती म्हणजे निव्वळ थाप," त्या म्हणाल्या. "बाकी हुबेहूब."

मग त्या मॉडेलवाल्याकडे वळल्या. "पुढच्या इमारतीचं कामही तुम्हीच करायचं हं."