दिसला तो नापास

“जंगल म्हणजे हिरवं. यात एवढा विचार करण्यासारखं काय आहे?” मास्तर कात्री टेबलावर आपटत म्हणाले.

“तळ्याकाठी शेवटचं कधी गेला होतात?” मास्तरीणबाईंनी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं. “लव्हाळं वाळून सगळं पिवळं पडलंय. त्यात तुमचा हिरवागार माणूस उभा राहिला, तर पक्षी राहू देत, विमानातनंसुद्धा दिसेल.”

मास्तरांचं शिवणाचं दुकान होतं. आजवर त्यांनी शाळेचे गणवेशच शिवले. गणवेशाचा धर्मच असा, की पोरगं लांबूनसुद्धा ओळखू आलं पाहिजे. पण यंदा शाळेने तयार गणवेश मागवले आणि दुकानातल्या दोन मशिनींपैकी एकीवर मांजर झोपायला लागलं. नेमकी तेव्हाच समोरच्या दवाखान्यातली दातांची डॉक्टरीणबाई दुकानाची पायरी चढली. ती पक्षीनिरीक्षक मंडळाची अध्यक्ष होती. तिला मंडळातल्या सगळ्यांसाठी असे कपडे हवे होते, की माणूस झाडीत बसला तर झाडीच वाटावा.

“तयार मिळतात ते सगळे एकाच छापाचे,” ती म्हणाली. “आम्ही कधी झाडीत बसतो, कधी लव्हाळ्यात, कधी खडकावर. तुम्ही तीन नमुने करा आणि रविवारी सकाळी तळ्यावर आणा. पसंत पडले तर सगळ्यांचे कपडे तुमच्याकडेच.”

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. मास्तरांना पॉलिएस्टर हवं होतं. भिजलं तरी चटकन वाळतं, इस्त्रीची कटकट नाही. बाईंचं म्हणणं, ते उन्हात चमकतं आणि चालताना बोलतं. खरंखोटं करायला मास्तर पॉलिएस्टरची विजार चढवून दुकानात फेऱ्या मारू लागले. चर्र, चर्र, चर्र. मशिनीवरचं मांजर खडबडून उठलं आणि कपाटावर जाऊन बसलं.

“लागला निकाल,” बाई म्हणाल्या.

मग नक्षीवरून जुंपली. मास्तरांना बारीक ठिपके आवडत, कारण ते जवळून नाजूक दिसतात. बाईंनी कापड दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर टांगलं आणि मास्तरांना रस्त्यापलीकडे उभं केलं. तिथून ठिपके एकमेकांत मिसळून नुसता मळकट शर्ट दिसत होता. “लांबून फसवायचं तर डाग मोठे पाहिजेत,” बाईंनी इकडून ओरडून सांगितलं. रस्त्यावरून जाणारा एक जण स्वतःचा शर्ट तपासत पुढे गेला.

अखेर तीन पोशाख तयार झाले. झाडीसाठी जाड सुती कापडाचा, मोठ्या हिरव्या-तपकिरी डागांचा. खडकासाठी मऊ, लोकरीसारख्या कापडाचा, करडा, मधेमधे काळपट. आणि लव्हाळ्यासाठी बाईंचा स्वतःचा. त्यावर त्यांनी गवतासारखे उभे, वेडेवाकडे पिवळे पट्टे रंगवले होते आणि कापड धुऊन धुऊन त्याची सगळी चमक मारली होती.

“हा मात्र अगदीच पायपुसण्यासारखा झालाय हं,” मास्तर म्हणाले.

“पक्ष्यांना लग्नाला नाही बोलवायचं आपल्याला.”

शनिवारी दुपारी बाईंनी फर्मान काढलं. “उद्या डॉक्टरीणबाईंसमोर फजिती नको. आजच जाऊन बघू.”

तळ्याकाठी चिटपाखरू नव्हतं. म्हणजे पाखरं होती, माणसं नव्हती. दोघांनी एकेक पोशाख ज्याच्या त्याच्या जागी लावला. हिरवा झाडीत फांदीवर, करडा खडकावर पसरून, पिवळा लव्हाळ्यात काठीला अडकवून. मग दोघं बांधावर गेली आणि वळून पाहिलं.

“दिसतोय का?” बाईंनी विचारलं.

“कुठला?”

“कुठलाही.”

मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. “एकही नाही!”

मास्तरांना एवढा आनंद झाला, की त्यांनी भर बांधावर बायकोचे दोन्ही हात धरून गिरकी घेतली. बाई लाजल्या, “अहो, कोणी बघेल” म्हणाल्या आणि बघणारं कोणी नाही हे पाहून त्यांनीही एक घेतली. आणलेला डबा खाल्ला. पोट भरल्यावर मास्तर म्हणाले, “चल, गोळा करू आणि निघू.”

आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपले पोशाख फारच उत्तम झालेत.

गिरकी घेताना कुठल्या दिशेने आलो होतो तेच दोघं विसरली होती. झाडीतली सगळी झाडं सारखी, सगळे खडक सारखे, लव्हाळ्याचं तर विचारूच नका. मास्तर प्रत्येक झुडपाला मिठी मारत सुटले. बाई खडक चाचपत निघाल्या. एका झुडपात मास्तरांच्या हाताला बाही लागली. त्यांनी आनंदाने ओढली, तर बाहीच्या आतून आवाज आला, “ए! कोण रे?”

तो वनरक्षक होता. सावलीला जरा टेकला होता. आवाज ऐकून बाईही धावत आल्या.

“काय चाललंय?” त्याने टोपी सारखी करत विचारलं.

“कपडे शोधतोय,” मास्तर म्हणाले.

“कोणाचे?”

“आमचेच.”

वनरक्षकाने दोघांकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “अंगात तर आहेत.”

“ते नाहीत हो. दुसरे. आम्हीच लपवलेत.”

“बरं. दिसायला कसे आहेत?”

“दिसतच नाहीत, तीच तर पंचाईत आहे!”

वनरक्षकाने कपाळाला हात लावला. पण बाईंनी सगळी हकिगत सांगितली तसं त्याला हसू फुटलं आणि तोही शोधायला लागला. इतक्यात बांधावरून ओळखीचा आवाज आला.

“अरे वा, मास्तर! तुम्ही आजच?”

डॉक्टरीणबाई मंडळाच्या सात-आठ जणांना घेऊन संध्याकाळचे पक्षी बघायला आली होती. सगळ्यांच्या गळ्यात दुर्बिणी. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. खोटं बोलावं तर या डॉक्टरीणबाईसमोर तोंड उघडायची सोय नव्हती. उघडलं की ती आधी दाढा तपासायची.

“नमुने झाले का?” तिने विचारलं.

“झाले... म्हणजे आहेत. इथेच आहेत,” मास्तर चाचरले. “पण ते म्हणजे...”

बाईंनी पदर खोचला आणि नवऱ्याच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. “आम्ही मुद्दाम परीक्षा मांडलीय, डॉक्टरीणबाई. तीन पोशाख इथेच लावलेत. तुमची माणसं नजरेची तयार. शोधून दाखवा. जो दिसला तो नापास.”

मास्तरांनी बायकोकडे असं पाहिलं, जसं लग्नाच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं.

मंडळ खूश झालं. दुर्बिणी डोळ्यांना लागल्या. जो तो दबक्या पावलांनी निघाला. त्या शोधात त्यांना एक घुबड सापडलं, टिटवीची अंडी सापडली, कोणाची तरी हरवलेली चप्पल सापडली. पोशाख सापडेना. हिरवा शेवटी वनरक्षकाला मिळाला, तोही एका शेळीमुळे. ती रिकाम्या फांदीकडे मान वर करून काहीतरी मन लावून चघळत होती. कॉलर गेली होती, बाकी शाबूत होतं.

करड्याचं वेगळंच झालं. मंडळाचे खजिनदार अंगाने भारी. थकून खडकावर बसले आणि चकित होऊन म्हणाले, “अहो, हा दगड फार मऊ आहे.”

पिवळा मात्र अंधारून आलं तरी मिळाला नाही. लव्हाळ्यात सगळ्यांनी दोनदा पाहिलं. मास्तर घामाघूम झाले. एवढ्या मेहनतीचा कपडा गेला, वर आता खरं काय ते उघडं पडणार.

“तो कुठे आहे ते आता तुम्हीच दाखवा,” डॉक्टरीणबाई म्हणाली.

बाईंनी क्षणभर लव्हाळ्याकडे पाहिलं. मग सरळ सांगून टाकलं. “खरं सांगू? आम्हालाच सापडत नाहीये. दुपारपासून तेच शोधतोय.”

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मग डॉक्टरीणबाई एवढ्याने हसली, की तळ्यावरचे होते नव्हते तेवढे पक्षी उडाले.

“शिवणाऱ्याला सापडत नाही? मग तोच पाहिजे! सगळ्यांना तोच. पंधरा!”

घरी जाताना कोपऱ्यावर आल्यावर मास्तर म्हणाले, “पायपुसणं म्हटलं होतं मी त्याला.”

“ऐकलं होतं मी.”

“मागे घेतो.”

पुढचे दिवस दोन्ही मशिनी खडखडत होत्या. पंधरा पोशाख वेळेत गेले. तळ्यावर हरवलेला पिवळा नमुना मात्र काही मिळाला नाही. मंडळ ते घालून पहिल्यांदा तळ्यावर गेलं, त्या सकाळी दुकानातला फोन वाजला. डॉक्टरीणबाई कुजबुजत होती.

“मास्तर, मोठाच घोटाळा झालाय. पंधराही जण लव्हाळ्यात जाऊन बसलेत आणि मला एकही दिसत नाहीये. निघायची वेळ झाली. हाका मारू का?”

“हाका नका मारू, पक्षी उडतील,” मास्तर घाबरून म्हणाले. “थांबा, हिलाच विचारतो.”

बाईंनी हातातलं काज पुरं केलं, दोरा दातांनी तोडला आणि फोन घेतला.

“डॉक्टरीणबाई, ओरडू नका. अगदी हळू आवाजात म्हणा, चहा झालाय.”

पलीकडून डॉक्टरीणबाईचा हळू आवाज आला. आणि मग एकदम लव्हाळं चारी बाजूंनी सळसळलं.

“किती आले?” बाईंनी विचारलं.

“सोळा!” डॉक्टरीणबाई चक्रावून म्हणाली. “हा सोळावा कोण? अगंबाई, हे तर वनरक्षक! अहो, हा पोशाख तुम्हाला कुठे मिळाला?”