पागधरेकाकांची खिडकी

पागधरेकाका कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी त्याची तब्येत बघत. खिशातून एक लांब स्क्रू-ड्रायव्हर काढायचे, त्याचं टोक कॉम्प्युटरच्या डब्याला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकत राहायचे. मग मागच्या जाळीवर तळहात धरायचे. समाधान झालं की म्हणायचे, "बेअरिंग बरा हाय. चालू करा."

क्लासमधल्या मुली पहिल्या दिवशी तोंडाला रुमाल लावून हसल्या. मला हसता आलं नाही, कारण मी सर होतो. दुसऱ्या आठवड्यात काका ऐकता ऐकता थांबले आणि म्हणाले, "याचा पंखा घासतो." मी म्हटलं, काहीतरीच काय. दोन दिवसांनी पंखा बंद पडला. त्यानंतर त्याच मुली आपापले कॉम्प्युटर काकांकडून ऐकून घेऊ लागल्या, आणि मला कुणी काही विचारीना.

नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट, बोईसरची. मी मूळचा कराडकडचा. डिप्लोमा झाला आणि मेहुण्याच्या ओळखीनं इथे चिकटलो. स्टेशन रोडला, खिळेमोळे विकणाऱ्या दुकानाच्या वर आमचा क्लास. कॉम्प्युटर चार. त्यातल्या एकावरच विंडोज चालायचं, तेही त्याच्या मनात आलं तर. मालकांनी पाटीवर 'सी' आणि 'विंडोज' ही दोन्ही नावं ठसठशीत रंगवून घेतली होती. मला सी ही प्रोग्रॅम लिहायची भाषा येत होती. विंडोज उघडता आणि बंद करता येत होतं. पण सीमध्ये विंडोजचे प्रोग्रॅम लिहिणं ही तिसरीच भानगड असते, हे मालकांना ठाऊक नव्हतं आणि मला सांगायचा धीर होत नव्हता. माझ्याजवळ एका जाडजूड इंग्रजी पुस्तकाच्या पहिल्या शंभर पानांची झेरॉक्स होती. विद्यार्थ्यांच्या पुढे मी साधारण चार पानं असायचो. कधी कधी दोनच.

काका जवळच्याच किनाऱ्यावरल्या नवापूरचे. घरची होडी होती, पण हे एकटेच समुद्राकडे पाठ फिरवून कारखान्यात गेले. एका केमिकल कंपनीत सव्वीस वर्षं पॅनेल ऑपरेटर. पॅनेल म्हणजे भिंतभर काटे, दिवे आणि बटणं. त्याच्यासमोर बसून सगळा प्लांट चालवायचा. आता कंपनी ते पॅनेल काढून टाकणार होती. दिवाळीनंतर त्या जागी कॉम्प्युटर बसणार होता आणि त्याआधी ऑपरेटरांची परीक्षा होणार होती. पास होईल तो कंट्रोल रूममध्ये राहील, नापास होईल तो गोडाऊनमध्ये ड्रमांना लेबलं चिकटवील. काकांना रिटायर व्हायला पाच वर्षं होती आणि लेबलं चिकटवत रिटायर व्हायची त्यांची तयारी नव्हती.

मी म्हटलं, "सोपं आहे. माऊस धरायला शिका, बटण दाबायला शिका. महिनाभरात होईल."

"ते शिकीन मी," काका म्हणाले. "पन मना सांगा, पडद्यावर टाकीचा चित्र असनार. ते चित्र कोन काढतो?"

"प्रोग्रॅम काढतो."

"मंग तो प्रोग्राम मना लिवायला शिकवा."

"अहो, परीक्षेला एवढं लागत नाही."

"टाकी भरलेली आनि चित्रात रिकामी, असा झाला तर? भाजनार कोन? चित्र काढनारा?"

झेरॉक्सची पहिली चार पानं मी त्यांच्या हातात ठेवली.

माऊसशी त्यांचं भांडण आठवडाभर चाललं. दोनदा पटकन दाबायचं म्हटलं की त्यांचा हात अडायचा. "एकदा दाबला म्हंजे दाबला. दोनदा दाबला तर पंप चालू होऊन बंद होनार." मी परोपरीनं सांगितलं की इथे पंप नाही. त्यांना ते पटायचं, त्यांच्या बोटाला पटायचं नाही. शेवटी ते एकदा दाबायचे, माझ्याकडे बघायचे, आणि मी मान डोलावली की दुसऱ्यांदा दाबायचे.

प्रोग्रॅम मात्र त्यांनी न कंटाळता टाइप केला. एका बोटानं, चार दिवस. एक रिकामी चौकट, म्हणजे विंडो, पडद्यावर आणायला पुस्तकात ऐंशी ओळी होत्या. "रिकाम्या खिडकीला ऐंशी ओळी," काका म्हणाले, "मंग टाकी भरायला किती?" मी ऐकू न आल्यासारखं केलं.

पाचव्या दिवशी कंपाइल केलं, म्हणजे प्रोग्रॅम मशीनकडून वाचून घेतला, तर सत्तावीस चुका निघाल्या. मला घाम फुटला. काका शांत. त्यांनी फक्त सगळ्यात वरची चूक वाचली, एका ठिकाणी राहिलेला अर्धविराम घातला, आणि सत्तावीसच्या सत्तावीस चुका गेल्या.

"तुम्हाला कसं कळलं?"

"प्लांट ट्रिप होऊन बंद पडला की सगले दिवे पेटतात सर. सगल्यांकडे बघायचा नाय. पयला पेटला तो बघायचा."

मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं आणि पुढे कितीतरी वर्षं माझं म्हणून शिकवलं.

पण खरी गंमत पुढेच होती. चूक एकही नाही, प्रोग्रॅम चालवला, आणि खिडकी आली नाही. पडदा जसाच्या तसा. परत चालवला. नाही. पाच-सहा वेळा चालवला की कॉम्प्युटर जड व्हायचा, मी तो बंद करून चालू करायचो, आणि परत तेच. का जड होतो, हेही मला माहीत नव्हतं.

काका घाबरले ते तेव्हा. "दिवा नाय, भोंगा नाय, आनि प्लांट बंद. असा मी कदी बगितला नाय."

मग मी मला सुचतील ते सगळे उपाय केले. विंडोज पुसून परत टाकलं. माऊस बदलला. व्होल्टेजला दोष दिला. पडद्याचा रंग बदलला. खिडकीची लांबी-रुंदी वाढवली, म्हटलं, बारीक असल्यानं दिसत नसेल. काका माझ्याकडे अशा विश्वासानं बघत बसायचे की मी आणखी काहीतरी चुकीचं करायचो. गणपती गेले, नवरात्र आलं. परीक्षेला तीन आठवडे उरले आणि आमच्या खिडकीचा पत्ता नव्हता. रोज निघताना मी उसन्या आवाजात म्हणायचो, "होईल काका. काकूंना सांगा, या आठवड्यात नक्की." काका म्हणायचे, "सांगतो."

शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या वर्गमित्राला ऐंशीच्या ऐंशी ओळी कागदावर उतरवून पोस्टानं पाठवल्या. आठ दिवसांनी उत्तर आलं. "गाढवा, ऐंशी नाहीत, एकोणऐंशी आहेत. डेफ-विंडो-प्रोक कुठाय?"

झेरॉक्सशी ताडून पाहिलं. खरंच, ती ओळ काकांच्या प्रोग्रॅममध्ये नव्हती.

"काका, ही ओळ टाइप करायची राहिली."

"राह्यली नाय. मीच घेतली नाय."

"का?"

काका खुर्चीत सावरून बसले. "तुमीच सांगितला, खिडकीला सारखे निरोप येतात. माऊस हलला, बटन दाबला, कोपरा ओढला. नि जो निरोप आपून घेत नाय तो या डेफकडं जातो. बरोबर? मंग हा डेफ कोन? आपल्या शिफ्टला हाय का? मी याला वलखत नाय. ज्याला तोंडानं चार्ज दिला नाय, त्याच्या हातात पॅनेल सोडायचा नाय."

हे त्यांचं नुसतं बोलणं नव्हतं. कंट्रोल रूमची रीतच तशी. पुढचा माणूस येऊन समोर उभा राहतो, तुम्ही त्याला काय चालू आहे, काय बंद आहे, कुठला वॉल्व्ह गळतोय ते तोंडानं सांगता, तो "घेतला" म्हणतो, मगच तुम्ही उठता. एकदा वैतरणा स्टेशनाला गाड्या अडकल्या आणि त्यांचा रिलीव्हर, पुढच्या पाळीचा यादव, पोहोचलाच नाही, तेव्हा काका सलग दोन पाळ्या बसून होते. मॅनेजर म्हणाले, मी बसतो, तुम्ही जा. काका म्हणाले, "तुमाला चार्ज घेता येत नाय." मॅनेजर अजून ते विसरले नव्हते, असं ऐकून आहे.

तर अशा माणसानं खिडकीला येणारा प्रत्येक निरोप स्वतः घ्यायचं ठरवलं होतं. त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मलाही त्या पत्रातूनच कळलं, की खिडकी जन्माला येतानाच निरोप सुरू होतात आणि त्यातल्या एकाला जरी नीट उत्तर मिळालं नाही तरी खिडकी जन्मालाच येत नाही. ती उत्तरं डेफ देतो.

मी मला जमेल तसं समजावलं. "तुम्हाला हवे ते निरोप तुम्ही घ्या. बाकीची बारीकसारीक कामं, कडा रंगवणं, हलवणं, लहानमोठं करणं, ती तो बघतो. त्याला चार्ज द्यावा लागत नाही. तो असतोच."

"सुट्टी?"

"नाही."

"कदी येतो, कदी जातो?"

"येत-जात नाही हो. असतोच."

काका हळू आवाजात म्हणाले, "असा करनारा दिसत नाय कोनाला. बंद पडला की समजतो." आणि एका बोटानं ती ओळ टाइप करायला लागले.

खिडकी आली. पांढरी, रिकामी, वर इंग्रजी अक्षरांत 'टाकी नंबर १'. काका उभे राहिले. अख्खा क्लास उभा राहिला. खालच्या दुकानातला माणूस जिना चढून काय झालं ते बघायला आला, तर त्यालाही काकांनी खिडकी लहानमोठी करून दाखवली.

पुढच्या दहा दिवसांत त्यांनी आत टाकी काढली आणि निळं पाणी भरलं. दुसरी खिडकी वर आणून बाजूला केली की टाकी अर्धी पुसलेली दिसायची. तो घोळ मला समजेपर्यंत काकांनी स्वतःच सोडवला: चित्र आपोआप टिकत नाही, परत काढ असा निरोप आला की दर वेळी परत काढावं लागतं. परीक्षेत मुंबईच्या इंजिनिअरांनी त्यांना पडद्यावर भरलेली टाकी दाखवली आणि विचारलं, आता काय कराल? काका म्हणाले, "पयला मना सांगा, नवा निरोप आला नाय तर हा जुनाच चित्र दिसत राहनार ना?" इंजिनिअर एकमेकांकडे बघायला लागले. काका पास झाले, आणि वर टाकीतली खरी पातळी डोळ्यांना दिसावी म्हणून तिच्यावरची काचेची जुनी नळी तशीच ठेवायचं कंपनीनं कबूल केलं.

काका पेढे घेऊन आले. मी त्यांना वाकून नमस्कार केला, म्हटलं, "सुटलात बघा. आता पाळी संपली की सरळ घर. इकडे हेलपाटे नकोत. काकूही खूश होतील." काका म्हणाले, "हो." आणि जिना उतरून गेले.

त्या शनिवारी यादव क्लासला आला. पुढच्या तुकडीत त्याची परीक्षा होती. बोलता बोलता मी म्हटलं, पागधरेकाका आता आरामात असतील घरी. यादव म्हणाला, "घर पे है कौन, सर? भाभी तो गए जेठ में गुज़र गईं. पंद्रह दिन की छुट्टी मिली थी, दादा तीसरे दिन ड्यूटी पे आ गए."

मी मनातल्या मनात महिने मोजले. काकू ज्येष्ठात गेल्यावर दीड महिन्यानं त्यांनी क्लासला नाव घातलं होतं. आणि मी रोज संध्याकाळी त्या माणसाला 'काकूंना सांगा' म्हणत होतो, आणि तो 'सांगतो' म्हणत होता. मला इतकं वाईट वाटलं की यादवची फी लिहायची राहूनच गेली.

सोमवारी नेहमीच्या वेळी, पावणेचारला, जिन्यावर पावलं वाजली. काका. हातात फ्लॉपी.

"सर, खिडकी गेली."

"गेली म्हणजे?"

"येत नाय. काल रविवारची सुट्टी म्हनून मालकांना सांगून इथं येऊन बसलेलो. तेव्हापासून येत नाय." ते माझ्याकडे बघत नव्हते. फळ्याकडे बघत होते, आणि फळा कोरा होता.

मी फ्लॉपी घातली, प्रोग्रॅम उघडला. आता मला कुठे बघायचं ते ठाऊक होतं, म्हणून सरळ तळाशी गेलो. सीमध्ये एखादी ओळ न खोडता निकामी करायची असेल, तर तिच्या दोन्ही टोकांना तिरकी रेघ आणि चांदणी घालतात. ओळ दिसते, पण मशीन तिच्याकडे लक्ष देत नाही. डेफच्या ओळीला दोन्ही टोकांना रेघ आणि चांदणी होती. अगदी नीट, मोजून जागा सोडून, एका बोटानं घातलेली.

काका शेजारच्या स्टुलावर बसले होते.

ते क्लासला आल्यापासून मी काहीही कळत नसताना कळल्यासारखं बोललो होतो. त्या दिवशी मी ती ओळ पडद्यावरून वर सरकवली, कपाळ खाजवलं आणि म्हटलं, "कळत नाही हो काका. काहीतरी अवघडच दिसतंय."

"अवघड हाय ना?" काका म्हणाले.

"फारच. एका दिवसात व्हायचं नाही. उद्या या पावणेचारला. आणि परवाही या."