भामाबाईला भामाबाईचा फोन

"एमेस्सी करून गटारीत हात घालून राहिलोय. बापाला कळलं तर म्हणंल, हेच करायचं होतं तर रानात काय वाईट होतं?"

आदर्श हे स्वतःशीच पुटपुटला होता. पण तो आणि लुंबिनी एकाच खड्ड्यात ओणवे होते. त्याचा गाल मातीला टेकलेला आणि तिचा कान त्याच्या तोंडापाशी, त्यामुळे तिला ते ऐकू आलंच.

"गटार न्हाई ती. पिण्याच्या पाण्याची लाईन हाय," लुंबिनी म्हणाली.

"पाण्याची असती तर हात वला झाला असता की."

बोलणं खरं होतं. खांद्यापर्यंत आत गेलेला त्याचा हात बाहेर आला तो कोरडा ठणठणीत.

नांदेडच्या एका कॉलेजात पदव्युत्तर मुलांसाठी नवा वर्ग निघाला होता. शिकलेलं तंत्रज्ञान लोकांच्या उपयोगी कसं आणायचं, ते गावात जाऊन शिकायचं. वर्ग शिवशंकर सरांचा. मुलांना पाठवलं होतं चाकूर तालुक्यातल्या बोरगव्हाणला. तिथं नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसायचा. वाट बघत बायका रोजगार बुडवून घरी बसायच्या. म्हणून मुलांनी एक डबी बनवली. ती प्रत्येक गल्लीच्या पाइपाला बसवायची. पाइपातून पाणी वाहू लागलं की त्या गल्लीतल्या घराघरांत फोन जाणार, आणि पाणी थांबेपर्यंत जातच राहणार. डबी लुंबिनीच्या हातची. ती धर्माबादची. पाण्याच्या रांगेत अभ्यास करून इथवर आलेली, त्यामुळे डबीवर तिचा जीव.

सरांचा एकच आग्रह होता. "यंत्रानं इथल्या बाईसारखं बोललं पाहिजे. बातम्या दिल्यासारखं नको." म्हणून भीमनगरातल्या भामाबाईचा आवाज भरून घेतला. "माय, पाणी आलंय वो! हातातलं काम ठिवा, घागरी घ्या, पळा!" असा खणखणीत आवाज की ऐकणाऱ्यानं चप्पल न घालता पळावं.

सगळ्या गल्ल्यांत भामाबाई बोलली. तिच्या स्वतःच्या भीमनगरात मात्र गप्प.

मुलांनी डबीची बॅटरी बदलली, मग सिमकार्ड, मग डबीच बदलली. शेवटी आदर्श आणि लुंबिनीनं खड्ड्यात उतरून पाइपही चाचपला. गाव मदतीला धावून आलं.

"उंदरानं वायर कुरतडली आसल," साहेबराव म्हणाला.

"रेंजच न्हाई तिकडं," मलप्पानं सांगितलं.

"मशीनला ऊन लागलं आसल," सरपंच शेषेराव म्हणाले. "कांदा बांधून बगा एकदा."

आदर्शनं खरंच कांदा बांधला. डबीला कांद्याचा वास लागला, बाकी काही नाही.

पाणी सोडणाऱ्या चंद्रप्पाला लुंबिनीनं विचारलं, "काका, भीमनगरच्या लाईनीचा वाल कुठं हाय?"

"वाल व्हय?" चंद्रप्पानं डोकं खाजवलं, आभाळाकडं पाहिलं. "हाय की. वाल हाय. कुठं जातो वाल?" आणि सायकलवर टांग मारून निघून गेला.

वाल, म्हणजे पाणी सोडायची चावी, खरंच कुठं गेला नव्हता. गेल्या साली शेषेरावांनी घरापुढं ऐसपैस ओटा बांधला. त्या जागी भीमनगरच्या वालचा खड्डा होता. 'काम होईस्तोवर' म्हणून वाल बंद केला आणि काम झालं ते वालवर काँक्रीट ओतूनच. त्या दिवसापासून भीमनगरात नळ होते, नुसते नळ. हे गावात झाडून सगळ्यांना माहीत होतं. पण गावात आलेला पाहुणा शेषेरावांच्याच ओट्यावर बसणार, त्यांच्या घरचा चहा पिणार, आणि ज्याच्या ओट्यावर चहा प्यायला त्याच्या ओट्याबद्दल बोलायचं नाही, ही बोरगव्हाणची रीत. भीमनगरचे अर्धे लोक शेषेरावांच्या सोयाबीनवर रोजानं जायचे, ते तर त्याहून गप्प. आणि मुलांनी गावाची पाहणी कुठं केली? ओट्यावर. "पाणी येतं का?" या प्रश्नाला सगळं गाव "येतं की!" म्हणालं. ओट्याखाली उभ्या असलेल्या भीमनगरच्या म्हाताऱ्या केरबाला विचारलं तेव्हा तो शेषेरावांकडं बघून म्हणाला, "नळ लई सुंदर हाय."

मुलांनी 'येतं' धरलं.

परत जायचा दिवस आला. सर ओट्यावर बसून अहवाल पुरा करत होते. शेजारी शेषेराव पान जमवत होते.

"लुंबिनी, आपण असं करू," सर हळूच म्हणाले. "भीमनगरपुढं 'यंत्र नादुरुस्त' लिहू. पुढची बॅच बघेल."

"म्हणजे पाणी येतं, पण माझं यंत्र बिघडलं, असं?"

"शब्दशः तसं नाही, पण..."

"शब्दशः तसंच हाय सर. एकदा हे लिहिलं की भीमनगरला पाणी मिळतं यावर शिक्का बसला. मग कोण बघतंय तिकडं? मी सही करणार न्हाई."

"अगं, गटाचे गुण जातील."

"जाऊ द्या."

"माझे बी?" आदर्श घाबरून म्हणाला.

"तुझे बी," लुंबिनी म्हणाली आणि तरातरा भीमनगराकडं गेली. डबी उपसून आणली. शेषेरावांच्या दारातल्या नळाला लांब पाइप लावून गडी म्हशी धूत होता. तिनं कुणाला न विचारता त्या नळालाच डबी जोडली. डबीचा दिवा लगेच हिरवा झाला.

"बघा! चालती की न्हाई?"

रागाच्या भरात पोरगी एक गोष्ट विसरली. डबी ओट्याजवळ आली होती, पण तिच्यातले फोननंबर भीमनगरचेच होते.

तिकडं भामाबाई शेंगा फोडत बसली होती. फोन वाजला.

"माय, पाणी आलंय वो!"

"कुटं आलंय?" भामाबाईनं विचारलं.

"हातातलं काम ठिवा, घागरी घ्या, पळा!"

"तू कोण गं मला पळा म्हणणारी? नळ कोरडा हाय हितं!" एवढं बोलल्यावर तिला तो आवाज ओळखीचा वाटला. "आगं बया, ही तर मीच हाय!"

तिनं फोन ठेवला तर परत वाजला. म्हशी मोठ्या होत्या, धुणं लवकर आटपण्यातलं नव्हतं. घराघरांतून भामाबाई ओरडू लागली. केरबानं नळाला कान लावला. नीलाबाईनं नळाला थापट्या मारल्या. शेवटी भामाबाई उठली.

"फोन आमाला आलाय ना? मग पाणी आमचंच हाय. ते कुटं उतरलंय तेवढं बगू. घ्या घागरी!"

साऱ्या बायका डोक्यावर, कमरेवर घागरी घेऊन निघाल्या आणि म्हशीखालून वाहत आलेल्या ओघळाच्या मागानं थेट शेषेरावांच्या ओट्यापुढं येऊन थांबल्या. प्रत्येकीच्या कमरेला फोन, आणि प्रत्येक फोनमधून भामाबाई, "पळा!" म्हशींनी कान टवकारले.

"बगा सर," शेषेराव खुशीत आले. "म्हणलो नव्हतो? मशीनच खोटं बोलून राहिली."

"नंबर बदलायचे राहिले. ती चूक माझी," लुंबिनी मान ताठ ठेवून म्हणाली. "पण मशीन पाण्यावर बोलते, हे सगळ्यांनी ऐकलं. मग भीमनगरात इतके दिवस ती का बोलली न्हाई? सांगा कुणीतरी."

साहेबराव चपलेचा अंगठा तपासू लागला. मलप्पाला अचानक खोकला आला. चंद्रप्पा आभाळाकडं बघत होता. सरांनी अहवालात डोकं घातलं. सगळे सगळीकडं बघत होते, फक्त ओट्याकडं कुणी बघत नव्हतं.

तेवढ्यात शेषेरावांच्या पत्नी सिंधुताई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. गर्दी बघून त्या जरा थबकल्या, मग घाईघाईनं म्हणाल्या, "भामाबाई, उन्हात कामून उभ्या? या, वर या ओट्यावर. च्या घ्या."

आजवर भीमनगरच्या कुणाला त्या ओट्यावर वर बोलावलं नव्हतं. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. भामाबाईनं घागर खाली ठेवली, पदर खोचला.

"च्या नको, वैनी. ह्या ओट्यावरचा च्या पोटात गेला की तोंड बंद होतंय. सारं गाव बगून राहिले मी." मग ती सरांकडं वळली. "सर, पोरीची मशीन चांगली हाय. तिला रोजानं जायचं नसतंय, मनून ती खरं बोलली. आता मी बी बोलते. आमच्या लाईनीचा वाल तुमी बसलाव त्या ओट्याखाली पुरलेला हाय. उठा, सर. आन् शेषेराव, तुमी बी उठा."